दोन बुचं

हात लाव, कोल्टर. इंजिन गार आहे, हे नुसतं ऊन.
अठ्ठावीस फूट. दोन सडपातळ तळ, मध्ये बोगदा.
कॅटमरान. कुठल्याशा दूरच्या किनाऱ्यावर, ल्युथर सांगतो,
या शब्दाचा अर्थ फक्त बांधलेली लाकडं.
दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात ना?
हिचा जन्मच तसा झाला.
दोन दगडांवर पाय, आणि मधून वारा.

काम वाऱ्याचंच. साठच्या पुढे
बोगद्यात हवा कोंडते, बोट खांदे वर काढते
आणि खालचं पाणी संपतं.
असतं तिथेच, पण तुझ्याशी बोलत नाही.
माझी जुनी व्ही-तळाची बोट लाट कुऱ्हाडीनं फोडायची,
माझे मणके मोजून घ्यायची.
ही कपाळावरची आठी पुसावी तशी वरून जाते,
तेवढ्याच घोड्यांवर वीस मैल जास्त.

मंगळवारी ये, सकाळी सहाला,
धरणापासून एकविसाव्या मैलावर.
ओझार्कच्या टेकड्या अजून पाण्यात उलट्या झोपलेल्या.
अगदी आरसा नको हिला, आरशाला तळ चिकटतो.
जराशी सुरकुती हवी. माणसांसारखंच, म्हणणार होतो,
पण राहू दे.
अंगठ्यानं ट्रिमचं बटण टिचकीएवढं दाब,
आणि शंभर.

आता जे मी जाहिरातीत लिहिलं नाही ते.
जुलैचा शनिवार, दुपारचे दोन.
तीन मजली क्रूझर, पोटभर बियर प्यायल्यासारख्या,
जड बुडानं पाणी नांगरत चाललेल्या.
या तळ्याला काठ कुठाय? काँक्रीटच्या भिंती आणि धक्के.
लाट जाते, आपटते, परतते,
वाटेत तिला तिची बहीण भेटते.
समुद्रातल्या लाटेला निदान दिशा असते,
तळ्यातल्या लाटेला नातेवाईक.
त्या गर्दीत हिचं नाक बोगद्यासकट पाण्यात घुसतं.
मी घुसवलंय. माझा चष्मा अजून
चौदाव्या मैलाच्या तळाशी कुणाला तरी वाचतोय.
घाबरून नाक फार वर धरलंस
तर वारा हिला वाळक्या पानासारखी उलटी टाकेल.
आणि वळण! पोळीसारखी सपाट वळते ही, ऐसपैस,
खाडीच्या तोंडाशी चाकाशी घाई करू नकोस.
हळू नेलीस तर बोगद्यात पाणी थपडा मारतं,
आणि एकदम वेग सोडलास की ही शिंकते.
थट्टा नाही. तोंडातून फवारा, सगळे ओले.
नेडा दर वेळी म्हणायची, देव भलं करो तुझं, बाई.

हिला वजन कळतं.
बर्फाची पेटी मागे सरकवलीस, कळतं.
मेव्हणा आणलास, कळतं.
एकोणीस वर्षं डाव्या सीटवर नेडा होती.
ती गेल्यानंतरच्या मे महिन्यात मी एकटा निघालो,
सत्तरला बोट माझ्या बाजूला कलली.
टॅब तपासले. प्रॉपेलर उतरवून पाहिले.
ल्युथरनं दोन दिवस पट्टी लावून तळ मोजले,
मग माझ्याकडे न बघता म्हणाला, तळ सरळ आहेत, वर्लिन.
पाणी मऊ करायचं मीठ मिळतं ना,
चाळीस पौंडांच्या पोत्यात?
तीन आणली, चौथं थोडं रिकामं केलं.
डाव्या सीटवर रचली, पट्टा आवळला.
बोट सरळ गेली.
अख्खा उन्हाळा मी मिठाशेजारी बसून ऐंशीनं गेलो,
कुणी हात केला तर हात केला.

ती पोती विकायची नाहीत. बाकी सगळं तुझं,
किंमत लिहिली आहे तीच, ट्रेलरचे टायर नवे.
तुझी बायको किती, असं मी विचारत नाही,
दोघं बसून बघा, बोटच सांगेल.

अजून एक. पाण्यात सोडण्याआधी मागे वाकून बघ.
दोन तळ म्हणजे दोन बुचं.
लोक एक घट्ट करतात, हात पुसतात
आणि निघतात.